पुणे सोडून सोलापूरला बिऱ्हाड: कुठला भाग बघावा, आधी काय तपासावं?

नवं_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी. वाकडच्या भाड्याच्या घरातून सोलापूरला कायमचं यायचा विचार पक्का होत आलाय. घरात सहा माणसं. मुलगी सहावीत, मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीला. सासऱ्यांना मधुमेह आणि हृदयाचा त्रास आहे, त्यामुळे दवाखाना जवळ हवा. एकाचं काम घरून चालतं, पण महिन्यातून दोनदा पुण्याच्या ऑफिसात जावं लागतं. दुसऱ्याला सोलापुरातच काम शोधायचंय.

एजंट लोक जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोड ही तीनच नावं घेतात. पाण्याबद्दल विचारलं की "काही प्रॉब्लेम नाही" एवढंच उत्तर मिळतं. घर आधी विकत घ्यावं की भाड्याने? मुलांच्या शाळेच्या बाबतीत काय चुकू शकतं? आणि सोलापूरचा उन्हाळा सासू-सासऱ्यांना झेपेल असं घर कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

हद्दवाढकर

ताई/दादा, सोलापुरात घर बघताना भागाचं नाव शेवटी बघा, पाणी आधी बघा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. किती दिवसांआड आणि किती वाजता, हे गल्लीगणिक बदलतं. उजनी धरणावरून शहराला येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं नाव घेऊन "आता पाण्याची चिंता मिटली" म्हणणारेही भेटतील. पण उजनीचं पाणी शहराच्या वेशीपर्यंत येणं वेगळं आणि तुमच्या नळाला येणं वेगळं. मधे उंच टाक्या आहेत, जुने वितरणाचे नळ आहेत, व्हॉल्व्ह आहेत. टाकीपासून लांबच्या आणि चढावरच्या घराला शेवटी आणि कमी दाबाने पाणी मिळतं.

म्हणून एजंटाला विचारू नका, शेजारच्या दोन-तीन घरांतल्या बायकांना विचारा. प्रश्न असे विचारा: मागचं पाणी कुठल्या वारी आलं? त्याआधी कधी? रात्री येतं की दिवसा? किती वेळ टिकतं? मे महिन्यात टँकर घ्यावा लागला का? "पाणी येतं का?" असं विचारलंत तर उत्तर "येतं की" हेच येणार.

आता हिशोब. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर सहा जणांना ८१० लिटर लागतं. दोन पाळ्यांत पाच दिवसांचं अंतर आणि वर एक दिवस उशीर, असे सहा दिवस धरले तर ४८६० लिटर. उन्हाळ्यात दोन कूलर रोज मिळून शंभरेक लिटर पितात, त्याचे सहाशे. म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास साठवण हवी. सात फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल हौद वरचा एक फूट मोकळा सोडून भरला तर साधारण ४७५० लिटर मावतं. वर गच्चीवर हजार लिटरची टाकी असली की भागलं. भाड्याचं घर बघतानाही टेप घेऊन जा आणि हौद मोजा. मालक "मोठा हौद आहे" म्हणतो तो कधीकधी दोन भाडेकरूंत वाटलेला असतो. सोसायटी असेल तर एकूण साठवण भागिले एकूण फ्लॅट.

हौदाचं तोंड नळाच्या पातळीखाली आहे का ते बघा. दाब कमी असला की जमिनीखालच्या हौदात पाणी आपसूक उतरतं, चार फुटांवरच्या ड्रमात चढत नाही. मग लोक थेट नळाला मोटर लावतात. ते बेकायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे आरोग्याला घातक. मोटर रिकाम्या नळातून ओढ घेते, तेव्हा जिथे जोड गळका असतो तिथून आजूबाजूच्या गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. असल्या गल्लीत पाणी सुटलं की पहिली दहा मिनिटं नळ हौदात सोडू नका. ते पाणी बादल्यांत धरून संडास-अंगणाला वापरा, स्वच्छ धार लागली की मग हौद भरा.

साठवलेल्या पाण्याला ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या या हौदाला बारा ग्रॅमच्या आसपास. वजन करूनच घ्या. ती थेट हौदात टाकायची नाही. बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी तेवढं ओता आणि तासभर थांबा. पुडा उघडा राहिला की पावडरचा जोर जातो, तेव्हा लहान पुडेच आणा.

साठवण आली की डेंग्यूचा डास आला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ड्रम, पिंप, कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतल्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हौद दर आठवड्याला रिकामा करणं शक्य नाही, म्हणून त्याचं झाकण घट्ट बसणारं हवं आणि हवेच्या पाइपाला जाळी हवी.

बोअरवर फार भिस्त ठेवू नका. पाणी जड असतं, गीझरच्या कॉइलवर आणि कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो. शिवाय एप्रिलमध्ये कित्येक बोअर हवा ओढायला लागतात.

वीट_वाळू

वरचं पाण्याचं सगळं खरं. मी घराच्या बांधणीबद्दल लिहितो.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, अधूनमधून ४३-४४ पर्यंत जातो. म्हातारी माणसं असतील तर सगळ्यात वरचा मजला घेऊच नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खोलीत उतरते, पंखा नुसती गरम हवा फिरवतो. मधला मजला किंवा तळमजला बघा. दुपारी चार वाजता जाऊन पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. हात ठेववत नसेल तर ती भिंत पातळ आहे किंवा तिला सावली नाही. त्या बाजूला संडास-बाथरूम, जिना किंवा स्वयंपाकघर असेल तर ठीक, झोपायची खोली नको. वरच्या मजल्याशिवाय पर्यायच नसेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप लावायला मालक तयार आहे का ते करार करण्याआधी विचारा.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून मार्च ते मे कूलर झकास चालतो. पण कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. सगळं बंद करून लावला की दमट होतं आणि म्हातारी माणसं घुसमटतात. जूनमध्ये हवेत ओल आली की त्याचा उपयोग संपतो.

विकत घ्यायचं म्हणाल तर पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा त्याच भागात काढल्याशिवाय पैसे अडकवू नका. १९९२ ला शहराची हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं महापालिकेत आली. त्या हद्दवाढ भागात घरं झपाट्याने झाली, ड्रेनेज सगळीकडे पोचलं नाही. सेप्टिक टँक असेल तर तो कुठे आहे आणि हौद कुठे आहे, दोन्ही स्वतः बघा. एकाच चिंचोळ्या बोळात शेजारीशेजारी असतील तर ते घर सोडा. सखल भागात, नाल्याकाठी घर असेल तर शेजाऱ्यांना विचारा की मोठ्या पावसात पाणी कुठवर चढतं. भिंतीवरची ओलीची रेघही ते सांगते.

काळ्या मातीवरचं घर विशेष तपासा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगा वेगळ्या, त्यांना घाबरू नका. जिच्यात नाणं सरकतं आणि जी आतून-बाहेरून एकाच जागी दिसते ती भेग पायाची. नवा रंग मारलेल्या घरात टॉर्च भिंतीला समांतर धरून बघा, बुजवलेली भेग उठून दिसते.

कागद: सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बिनशेती आदेश, मंजूर ले-आउट, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्यागुंठ्याने तोडून विकलेला प्लॉट स्वस्त दिसतो, पण नियमित झालेला नसेल तर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, आणि उद्या तुम्हाला विकायचा झाला तर गिऱ्हाईकही रोखीचंच शोधावं लागतं. खर्चात मुद्रांक शुल्क धरा: इथे महापालिका हद्दीत ६ टक्के, खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर एक टक्का कमी. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. चाळीस लाखांच्या घराला बाईच्या नावे घेतल्यास शुल्कात सरळ चाळीस हजार वाचतात.

शाळा_दफ्तर

शाळेचं लिहितो. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत, ते आधी तपासा. मुलीसाठी शाळा सोडल्याचा दाखला तर हवाच, पण हल्ली काम तिथे अडत नाही. शाळांच्या नोंदींच्या सरकारी यू-डायस पोर्टलवर तिचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन नंबर असतो. पुण्याच्या शाळेने तिकडून नाव सोडलं नाही तर इकडची शाळा तिला आपल्या पटावर घेऊ शकत नाही. दाखला हातात पडतो, मूल वर्गात बसायला लागतं, आणि नाव मात्र ऑनलाइन पुण्यातच राहतं. दाखला घेतानाच कारकुनाला विचारून पेन नंबर लिहून घ्या आणि नाव सोडल्याची खात्री करा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का, हेही पुणे सोडण्याआधीच बघा. नंतर दुरुस्तीला जुन्या शाळेच्याच चकरा पडतात.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी पात्र असाल तर पत्ता आधी लागतो. प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतो, शाळेपासूनचं अंतर मोजलं जातं, आणि भाडेकरार नोंदणीकृत आणि अर्जाच्या तारखेआधीचा हवा. नोटरीचा करार चालत नाही. तसाही आपल्याकडे भाडेकरार नोंदवणं कायद्याने बंधनकारकच आहे, आणि महावितरणपासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच कागद कामी येतो.

बोर्ड बदलायचा असेल तर सहावी-सातवीत बदला. नववीत बदललं तर गणित-विज्ञानाची घडी बसेपर्यंत दहावी येते. सेमी-इंग्लिशचे वर्ग इथल्या जुन्या मराठी शाळांतही आहेत, महागड्या इंग्रजी शाळांच्या आधी ते बघून या. पुढच्या शिक्षणाचीही चिंता नको. संगमेश्वर, दयानंद, वालचंद ही कॉलेजं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि केगावला विद्यापीठ, सगळं इथेच आहे.

एक गोष्ट आईवडिलांच्या लक्षात उशिरा येते. शहर बससेवा भरवशाची नाही, मुलं रिक्षाने किंवा दुचाकीवर जातात. शाळा रस्त्याच्या ज्या अंगाला, घरही त्याच अंगाला घ्या. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड हे वाहते रस्ते आहेत, सहावीतल्या पोरीला सायकलवर ते रोज ओलांडायला लावू नका. रिक्षा ठरवताना रिक्षावाले मामा किती मुलं बसवतात ते आधी विचारा.

भाषेची धास्ती नको. वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात, पूर्व भागात तर तेलुगू गल्लोगल्ली ऐकू येते. मुलं सहा महिन्यांत दोन भाषांत भांडायला लागतात, चांगलंच आहे.

नवं_बिऱ्हाड

मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. दवाखाना आणि पुण्याच्या फेऱ्या या दोन गोष्टी राहिल्या. जुळे सोलापुरात एक तळमजल्याचं घर डोळ्यासमोर आहे, हौद मोजायला सांगितलाय.

हद्दवाढकर

जुळे सोलापूर राहायला निवांत आहे, पण मोठी रुग्णालयं बहुतेक रेल्वे रुळांच्या पलीकडे, जुन्या शहराच्या बाजूला. सिव्हिल आणि अश्विनी सहकारी रुग्णालय तिकडेच. म्हणजे पूल ओलांडावा लागतो, आणि आसरा पुलावर संध्याकाळी गाड्या तुंबतात. करार करण्याआधी त्या घरापासून दवाखान्यापर्यंत एकदा संध्याकाळी सहा-साडेसहाला गाडीने जाऊन बघा, रविवारी सकाळी नको. हृदयाच्या दुखण्यात तीच वेळ धरायची. वेळ जास्त लागत असेल तर सात रस्ता, रेल्वे लाइन्स, मोदी या बाजूला थोडं लहान घर चालेल का ते विचार करा. सासऱ्यांना लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना मात्रा विचारून घ्या. इथल्या उकाड्यात घामाने पाणी आणि क्षार आधीच कमी होतात, त्यात ती गोळी पडली की चक्कर येते.

पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस आहे: सकाळी इथून सुटते, चारेक तासांत पुणे, संध्याकाळी परत. अकराच्या पुढच्या मीटिंगा ठेवल्या तर मुक्काम न करता जमतं. मुंबईसाठी २०२३ पासून वंदे भारत आहे, रात्रीची सिद्धेश्वर आहेच. मात्र पंढरीच्या वाऱ्या, सुट्ट्या आणि जानेवारीतली सिद्धरामेश्वरांची यात्रा या काळात तिकीट आधीच काढून ठेवा.

घरून काम म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घ्या, रस्ता खोदताना केबल तुटते. इन्व्हर्टर घेताना राउटर आणि लॅपटॉपसोबत सासऱ्यांच्या खोलीचा पंखाही त्यावर जोडून घ्या.

दुसऱ्या कामाचं स्पष्ट सांगतो: दवाखाने, शाळा, हिशोबाची कामं, कपड्यांचे कारखाने, खास करून गणवेश आणि टॉवेल-चादरीवाले, इथे कामं आहेत, पण पगार पुण्याच्या मानाने कमी. घराचं बजेट एकाच पगारावर बसवा, दुसरा आला तर शिलकीत टाका.

हौदाचं माप आलं की इथे टाका. घर कुठल्या नगरात आहे तेही लिहा, पाण्याची पाळी सांगणारं कोणीतरी त्या बाजूचं इथे नक्की असेल.