पाच वर्षं उलटली की बिल्डर सुटला?

कांदिवलीकर:
ताबा २०१८ ला घेतला. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरली. वरच्या काकूंशी दोन महिने अबोला. शेवटी प्लंबरने फॉल्स सीलिंग उतरवलं, स्लॅबवर हातोडी ठोकली तर बद्द आवाज. गिलावा पाडला आणि बघतो तर नहाणी ट्रॅपभोवती (पाणी खाली नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याभोवती) काँक्रीटच नाही! सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे बोळे कोंबून वरून गिलावा फासलेला. (काकूंकडे मोदक घेऊन गेलो, माफी मागायला.)

बिल्डरच्या ऑफिसात एकच उत्तर, "साहेब, पाच वर्षं झाली." रेराचं (बिल्डर-ग्राहक व्यवहाराचा कायदा) कलम १४(३) सांगतं की ताब्यापासून पाच वर्षांत दोष कळवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाही तर भरपाई द्यायची. पण गिलाव्याआडची पिशवी मला पाच वर्षांत दिसणार कशी? दोष उघडा पडेल त्या दिवसापासून मुदत मोजायला हवी. तुम्हाला काय वाटतं?

साइटवाला:
म्हणजे बिल्डरने जन्मभर तुमच्या मोऱ्या निस्तरायच्या? ताबा मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात लोक काय करतात ते रोज बघतो. टाइल आवडली नाही, लावा ब्रेकर! खालचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग गेलं खड्ड्यात. मग गळलं की बिल्डर चोर. २०१७ साली घाटकोपरला इमारत पडून १७ जीव गेले, तेव्हा तळमजल्यावर तोडफोडीचं काम चालू होतं. ते मूळ बांधणाऱ्याच्या गळ्यात मारणार का? मुदत उघडी ठेवलीत तर प्रत्येक जण स्वतःची तोडफोड बिल्डरच्या खात्यावर टाकेल.

कांदिवलीकर:
आमच्या वर कोणी ब्रेकर लावलेला नाही. काकूंच्या टाइल्स आजही तुमच्याच, त्या मळकट गुलाबी.

कोर्टाची पायरी:
साइटवाल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. हलगर्जीपणाचा दावा लावलात तर चूक बिल्डरची होती आणि नंतर कोणी हात लावला नाही, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये तर १९९० च्या मर्फी विरुद्ध ब्रेंटवुड निकालाने केवळ दुरुस्तीचा खर्च हलगर्जीपणाखाली मागायची वाटच बंद केली. इजा झाली, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे निदान ग्राहक आयोग आहे. दावा करायचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि हे कारण कधी घडलं यावरच भांडण्याला जागा आहे. जाणूनबुजून लपवलं हे सिद्ध झालं तर मुदत कायद्याचं कलम १७ (फसवणूक कळल्यापासून मुदत मोजणारं) हीसुद्धा हाताशी येतं, पण 'जाणूनबुजून' हा शब्द फार महाग पडतो. पिशव्या मिस्त्रीने कोंबल्या, मालकाला पत्ताच नव्हता, असं ते म्हणणारच.

साइटवाला:
आणि बऱ्याचदा खरंच नसतो. ट्रॅप बसवणारा ठेकेदाराचा पोटठेकेदार. मुकादम चहाला गेला की झालं काम.

नाइलाजाने सेक्रेटरी:
अहो, मग मुकादमाला चहाला सोडणारा कोण? ठेका दिला म्हणून जबाबदारीही ठेक्याने दिली की काय? आमच्या सोसायटीने वर्गणी काढून डक्टमधले पाइप बदलले. बिल्डरकडे प्लंबिंगचा नकाशा मागितला तर मिळालाच नाही, कारण ती प्रोजेक्टपुरती काढलेली कंपनी होती, आता दारावर पाटीसुद्धा नाही. पाच काय, पन्नास वर्षं मुदत दिलीत तरी वसूल कोणाकडून करणार? फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने बांधणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी आहे आणि तिचा विमा काढणं सक्तीचं. विमा कंपनी पैसे देणार म्हटल्यावर तिचा माणूस साइटवर येऊन बघतो. मला मुदतीपेक्षा ते जास्त पटतं.

साइटवाला:
हप्ता फ्लॅटच्या भावात चढेल, तेव्हा ओरडू नका.

कांदिवलीकर:
चढू दे. एवढ्या लाखांच्या फ्लॅटमध्ये पिशव्यांचे बोळे मिळत असतील तर हप्ता परवडला. वकीलसाहेब, ते बोळे मी फोटो काढून तसेच ठेवलेत, मिस्त्री टाकून देत होता. आता काय करू?

कोर्टाची पायरी:
पुढचं काम थांबवा. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावून जागेवर पंचनामा करून घ्या, काकूंची सही घ्या. एकदा ट्रॅप बदलला की दाखवायला फक्त मोदकांची गोष्ट उरेल.

कांदिवलीकर:
काम थांबवलं. बादली लावलीय.