थंडीत सोसायटीचं लॉन पिवळं पडलंय, बदलायचं का?

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर) साधारण १५०० चौरस फुटांचं मेक्सिकन लॉन आहे. दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं, आता टॉवरच्या उत्तरेचा अख्खा पट्टा पिवळा. कंत्राटदार म्हणतो थंडी बाधली, युरिया मारू, नाहीतर नवीन लॉन टाकू. कमिटीत गवतखातं माझ्याकडे आहे. काय करू?

खारघरची माळीण:
बदलू नका हो! ठाण्यात कसली आलीय थंडी? हे उन्हाळी गवत. माती १०-१२ अंशांपर्यंत गार झाली की ते झोपतं. आपल्याकडे जानेवारीतही पारा बहुतेक रात्री १५ च्या वरच असतो, त्यामुळे वाढ फक्त मंदावते. युरिया आत्ता अजिबात नको. गवत तो नीट उचलत नाही आणि कोवळ्या पात्यावर बुरशी धरते. फेब्रुवारीअखेर थोडासा द्या, वरून भरपूर पाणी. आणि एक चिमूट उपटून बघा. मातीलगतच्या गाठी पांढऱ्या, टणक असतील तर गवत जिवंत आहे.

ऐरोलीचा_बाल्कनीवाला:
राय ग्रास पेरा, आठवड्यात हिरवं दिसतं.

खारघरची माळीण:
दादा, ते थंड हवेचं. मार्चच्या उन्हात जळून जाईल, मग पुन्हा कंत्राटदाराचीच दिवाळी.

उन्हाचा_हिशोब:
उत्तरेचाच पट्टा म्हणताय ना? मग थंडी नाही, सावली. २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य आपल्याकडे ४७ अंशांवरच असतो, म्हणजे टॉवर जेवढा उंच जवळपास तेवढीच लांब सावली. मे महिन्यात तो डोक्यावर येतो, म्हणून तेव्हा तक्रार नसते. सावलीत पाणी सुकत नाही. स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसून बघा. सहज गेला तर त्या दिवशी पाणी नको. तिथे गवत कापायच्या मशीनची उंची अर्धा इंच वाढवा, पात्याचा एक तृतीयांशहून जास्त भाग एकदम कापू नका. आणि मुलांचं क्रिकेट दोन महिने दुसरीकडे हलवा (हे सगळ्यात अवघड, माहीत आहे).

घोडबंदरकर:
आत्ताच खाली जाऊन आलो. गाठी पांढऱ्या आहेत! उन्हातल्या भागात स्क्रू ड्रायव्हर जेमतेम बोटभर गेला, सावलीत थेट मुठीपर्यंत, वर शेवाळासारखं काहीतरी चिकटून आलं. चौकशी केली तर माळीदादा रोज संध्याकाळी दोन्हीकडे सारखाच पाइप धरतात.

खारघरची माळीण:
सापडलं. पाणी सकाळी द्या, म्हणजे पातं रात्रभर ओलं राहत नाही. उन्हाकडे दोन-तीन दिवसांआड पण मुरेपर्यंत, सावलीत स्क्रू ड्रायव्हरला विचारून.

घोडबंदरकर:
सांगितलं. ते म्हणतात सकाळी बागेच्या नळाला पाणीच नसतं. त्यासाठी वेगळा धागा काढतो.