बोलोन्या विद्यापीठाजवळ माणशी १५ युरोत इटालियन जेवण: ऑर्डर कशी द्यायची?

मुळा_ते_पो

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात बोलोन्याला शिकायला जाणाऱ्या चौघांसाठी विचारतोय. वर्ग व्हिया झांबोनीच्या आसपास असतील. रोजचं जेवण घरी किंवा विद्यापीठाच्या मेसमध्ये, पण आठवड्यातून एकदा तरी एखाद्या साध्या ओस्तेरियात नाहीतर त्रात्तोरियात, म्हणजे खानावळीत, बसून जेवायचं ठरलंय. बजेट माणशी १५ युरो, पाण्यासकट.

चौघांची तऱ्हा अशी: एकजण सगळं खातो, दुसऱ्याला गोमांस सोडून सगळं चालतं, तिसरा शाकाहारी पण अंडं खातो, चौथीला अंडंही चालत नाही. बिलात 'कोपेर्तो' म्हणून काहीतरी लावतात तो काय प्रकार आहे, आणि नको म्हणता येतो का? एक प्लेट दोघांत घेतली तर वाईट दिसतं का? आणि मेनूवर शाकाहारी वाटणारे पण प्रत्यक्षात नसलेले पदार्थ कोणते? 'तिथे सगळं छान मिळतं' छापाची उत्तरं नकोत, नीट हिशेब आणि नावं हवी आहेत.

पोर्टिकोतला

आधी पैशांचं बोलू. कोपेर्तो म्हणजे टेबलावर बसण्याचा माणशी आकार. त्यात ब्रेडची टोपली, चादर, काटे-चमचे आले. साध्या ठिकाणी साधारण दीड ते तीन युरो. तो मेनूवर छापलेला असावा लागतो, बहुतेकदा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. छापलेला असेल तर द्यायचाच. ब्रेडला हात लावला नाही म्हणून कमी होत नाही, तेव्हा ब्रेड खा आणि ताटलीतला उरलेला रस्सा त्यानेच पुसून घ्या. याला तिथे 'स्कार्पेत्ता' म्हणतात आणि विद्यार्थी बसतात तसल्या जागी कोणी नाक मुरडत नाही. एकदा कोपेर्तो दिला की वर टिप द्यायची गरज नाही.

आता चौघांचा हिशेब. ताज्या पास्त्याची प्लेट सरासरी साडेदहा युरो धरा (साध्या जागी ९ ते १३ मध्ये मिळते), म्हणजे चार प्लेटचे ४२. कोपेर्तो २ प्रमाणे ८. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या अडीच प्रमाणे ५. झाले ५५, माणशी पावणेचौदा. यात ५ युरोची एक भाजी, म्हणजे 'कोंतोर्नो', मध्ये घेतलीत तर बरोब्बर १५. दोन घेतल्यात की सव्वासोळा. सगळं गणित या एका बशीवर अडतं.

मेनू अंतिपास्तो (सुरुवातीचं हलकं खाणं), प्रीमो, सेकोंदो, कोंतोर्नो, दोल्चे (गोड) अशा क्रमाने लिहिलेला असतो. हे सगळं मागवायचं असतं असं समजून नवी मंडळी ३५ युरोंवर जातात. तसं काही नाही. एकट्या प्रीमोवर म्हणजे पास्त्यावर जेवण उरकणं अगदी सर्वमान्य आहे. सेकोंदो म्हणजे मांसाचा किंवा माशाचा पदार्थ, तो ताटलीत एकटाच येतो. बरोबरची भाजी वा बटाटे वेगळे मागवावे लागतात आणि त्यांचे पैसेही वेगळे.

पाणी मागितलंत की 'नातुराले ओ फ्रित्सांते?' विचारतील: साधं की बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीबंद. नळाचं हवं असेल तर 'आक्वा देल रुबिनेत्तो' म्हणा. काही जण जगमध्ये देतात, काही नाही म्हणतात. द्यायलाच हवं असं बंधन नाही, तेव्हा वाद घालू नका.

कॉफी टेबलावर घेऊ नका. उठा, बाहेरच्या कुठल्याही बारमध्ये काउंटरला उभं राहून घ्या. तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. एकाच बारमध्ये उभ्याने आणि बसून असे दोन दर असू शकतात.

प्लेट दोघांत घेण्याबद्दल: पास्ता एकेकाने एकेक घ्यावा अशी अपेक्षा असते. पण अंतिपास्तो, कोंतोर्नो आणि गोड पदार्थ मध्ये ठेवून खातातच. 'चि पोर्ता दुए प्याती व्हुओती?' म्हटलं की दोन रिकाम्या ताटल्या येतात. चौघांत दोनच पास्ते मागवून शुक्रवारी रात्री टेबल अडवलंत तर मात्र चेहरे बदलतील. कोपेर्तो चौघांचा लागतो तो लागतोच.

बिल 'आल्ला रोमाना' म्हणजे समान वाटणी. ज्याचं त्याने द्यायचं असेल तर जेवण मागवतानाच सांगा, नंतर कॅशपाशी चार कार्डं काढलीत तर मागची रांग खोळंबते. कार्ड घेणं दुकानदारांना बंधनकारक आहे, २०२२ च्या जूनअखेरपासून नाकारल्यास दंडही आहे.

कढीपत्ता

पैशांचं वर आलंच आहे, मी पानातलं बोलतो. एमिलिया, म्हणजे बोलोन्याच्या आसपासचा प्रदेश, हा डुकराचा मुलूख आहे हे आधी डोक्यात पक्कं करा. मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज, इथलीच. चरबी इथे फोडणीच्या तेलासारखी वापरतात.

'ताल्यातेल्ले आल रागू' हा शहराचा मुख्य पदार्थ. रागूत गोमांसाचा खिमा आणि डुकराचा पांचेत्ता, दोन्ही असतात. त्यामुळे तुमच्यातला गोमांस न खाणारा इथे बाद. लझान्यातही तोच रागू असतो. त्याने 'ग्रामिन्या आल्ला साल्सिच्च्या' घ्यावी: आखूड वाकडा पास्ता आणि डुकराच्या सॉसेजचा रस्सा. मेनूवर 'मांझो', 'व्हितेल्लो', 'व्हितेल्लोने' यातलं काहीही दिसलं की ते गाय-वासराचं समजायचं. 'मायाले' म्हणजे डुक्कर, 'पोल्लो' म्हणजे कोंबडी. पण असल्या जागी कोंबडी फारशी दिसत नाही. (आणि 'स्पॅगेटी बोलोनीज' मागू नका. इथे रागू ताल्यातेल्लेवरच घालतात. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी अशी नोंदच १९७२ साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये झाली आहे.)

आता एका अक्षराचा घोळ, यात सगळ्यात जास्त माणसं फसतात. तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी. तोर्तेल्लिनी लहान, नखाएवढ्या. आत डुकराचं मांस, प्रोश्युत्तो (खारवलेलं हॅम) आणि मोर्तादेल्ला, वर मांसाचं सूप. तोर्तेल्लोनी मोठ्या, दोन घासांच्या. आत रिकोत्ता (मऊ ताजं चीज) आणि पार्स्ली. त्या 'बुर्रो ए साल्विया' म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांत घोळवून येतात. तुमच्या तिसऱ्यासाठी हेच पान. मागवताना '-लोनी'वर जोर द्या आणि 'कोन रिकोत्ता' जोडा.

चौथीसाठी अवघड आहे, कारण इथला ताजा पास्ता म्हणजे अंड्याचीच पोळी, त्याला 'स्फोल्या' म्हणतात. तिने सुका पास्ता बघावा, स्पॅगेटी किंवा पेन्ने. 'आल पोमोदोरो' साधा टोमॅटोचा, 'आर्राब्याता' लसूण-मिरचीचा. कार्बोनारा आणि आमात्रिचाना दोन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

फसवे पदार्थ हे: रिसोत्तो (तांदूळ बहुतेक मांसाच्या ब्रोदोत, म्हणजे सुपाच्या पाण्यात, शिजवतात), पास्सातेल्ली (ब्रेडचा चुरा, चीज आणि अंडं, तेही ब्रोदोत), फ्रिज्योने (नुसता कांदा-टोमॅटो दिसतो, पण जुन्या रीतीने डुकराच्या चरबीत शिजतो), आणि क्रेशेंतीने. ही शेवटची म्हणजे हुबेहूब पुरी, फुगलेली, बघून जीव हरखतो. पण पारंपरिक तळण 'स्त्रुत्तो'त, म्हणजे डुकराच्या चरबीत. पियादीनाच्या कणकेतही स्त्रुत्तो असू शकतो, ऑलिव्ह तेलाची वेगळी मिळते.

नुसतं 'सेंत्सा कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' म्हणू नका. अनेकांच्या लेखी हॅमचे तुकडे आणि ट्यूना 'मांस' नसतात. पूर्ण वाक्य पाठ करा: 'ने कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दि कार्ने, ने स्त्रुत्तो', म्हणजे मांस, मासा, मांसाचं सूप, डुकराची चरबी काहीच नको. चौथीने पुढे 'ने उओव्हा' (अंडंही नको) जोडावं.

मुळा_ते_पो

दोघांचेही आभार, तोर्तेल्लिनीवरून नक्कीच फसलो असतो. अंड्याचं वेटरला विचारून खात्री पटेल का, की लिहिलेलं कुठे असतं? आणि चीजचं काय?

खमीर

लिहिलेलं असतं. युरोपीय संघाच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमानुसार १४ अ‍ॅलर्जी-घटकांची माहिती हॉटेलांनाही द्यावी लागते. मेनूत पदार्थापुढे आकडे असतात किंवा वेगळी फाइल असते. अंडं, दूध, मासे त्यात येतात, तेव्हा चौथीने 'उओव्हा'चा आकडा शोधायचा की काम झालं. पण मांस आणि चरबी या यादीत नाहीत, म्हणून यादी कोरी दिसली तरी पदार्थ शाकाहारी आहे असं होत नाही. एक खूण आहे: 'सेदानो' म्हणजे सेलरी यादीत येते. साध्या टोमॅटोच्या रस्स्यापुढे किंवा रिसोत्तोपुढे सेदानो दिसली तर ब्रोदो आहे का, ते विचारा. ती नुसत्या भाज्यांच्या परतणीतूनही आलेली असेल, पण विचारायला निमित्त मिळतं.

चीजचं कडक पाळणारं कोणी असेल तर: पार्मिजानो रेज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच) करायचं असा त्याचा नियमच आहे. 'शाकाहारी पार्मिजानो' असं काही नसतं. ग्राना पादानोही तसंच. पेकोरिनो रोमानोत कोकराचं रेनेट. तोर्तेल्लोनीच्या सारणातही पार्मिजानो मिसळलेलं असतं, वर भुरभुरलेलं टाळून भागत नाही. हे पाळायचं असेल तर पिझ्झा मारिनारा घ्या. नावावरून समुद्र आठवतो, पण तिच्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच. चीज नाही, मासा नाही, आणि बहुतेक मेनूंवर सर्वांत स्वस्त. ज्यांना चीज चालतं त्यांनी मार्गेरिता. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठीही मार्गेरिताच बरी, तिचा टोमॅटो बहुधा कच्चाच, नुसतं मीठ घालून कुस्करलेला असतो.

पिझ्झ्याच्या नावांतही खड्डे आहेत. 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची! अमेरिकी पेपरोनीसारखं तिखट सलामी हवं असेल त्याने 'द्याव्होला' मागवावी. कापरिच्योझा आणि क्वात्त्रो स्ताज्योनी दोन्हींवर हॅम असतं. 'नापोली'वर अँकोव्ही. पिझ्झा माणशी एक येतो, न कापता, सुरी-काट्याने खायचा. रात्री पिझ्झेरियात माणशी पिझ्झा, कोपेर्तो आणि पाणी धरून १२-१३ युरोत उठता येतं, पास्त्यापेक्षा हे सोपं पडतं.

चिली फ्लेक्स टेबलावर नसतात. 'ओल्यो पिक्कांते' मागा, मिरचीचं तेल देतात, फुकट. आणि पुण्यातला 'व्हाइट सॉस पास्ता' मेनूत शोधत बसू नका. तो पांढरा सॉस इथे लझान्याच्या थरांत सापडेल, आणि त्याच थरांत रागू.

पोर्टिकोतला

जागा आणि वेळ राहिली. ओस्तेरिया देल्लोर्सा, व्हिया मेंताना. झांबोनीपासून चालत काही मिनिटं. विद्यार्थ्यांची जुनी जागा, लांब बाकं, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. टेबल आधी राखून ठेवता येत नाही. म्हणून दुपारी सव्वाबारा किंवा संध्याकाळी सव्वासातला दारात हजर राहा. साडेआठला गेलात तर रांग.

इतर ठिकाणची स्वयंपाकघरं साधारण १२ ते अडीच आणि साडेसात ते साडेदहा चालतात. दुपारी चारला भूक लागली तर त्रात्तोरिया विसरा, कापून विकणारा पिझ्झा किंवा बेकरी, म्हणजे 'फोर्नो'. तिथे भाव वजनावर असतो आणि पाटीवर कधी किलोचा, कधी 'एत्तो'चा. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. १.८० वाचून हुरळून जाल आणि हातात साडेतीनशे ग्रॅमचा तुकडा येईल, म्हणजे ६.३०. सुरी टेकवली की 'पिऊ पिक्कोलो' म्हणा, लहान कापतात. ऑगस्टमध्ये १५ तारखेच्या आगेमागे निम्मी दारं बंद, पाटी 'क्युझो पेर फेरिए', म्हणजे सुट्टीसाठी बंद.

दुपारी 'मेनू देल जोर्नो' (आजचा मेनू) किंवा 'प्रांझो' (दुपारचं जेवण) अशी पाटी दिसली तर ती रात्रीपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त. पाणी आणि कोपेर्तो धरून आहे का, एवढं विचारून घ्या.

कढीपत्ता

ओस्तेरिया देल सोलेही लिहून ठेवा, बाजाराच्या गल्ल्यांत, व्हिकोलो रानोक्कीमध्ये. १४६५ पासूनची. तिथे जेवण मिळतच नाही! पेय विकत घ्यायचं, खायला बाहेरून आणायचं. शेजारच्या दुकानांतून ब्रेड, चीज, लोणच्यातली ऑलिव्ह घेऊन बसलात तर चौघांच्या चार तऱ्हा एका टेबलावर मावतात.

आणि ज्या आठवड्यात पैसे संपले असतील तेव्हा ताज्या पास्त्याच्या दुकानातून तोर्तेल्लोनी घरी न्या. माणशी १५० ते १८० ग्रॅम. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ, पाणी खळखळ नको, नुसतं हलतं हवं. उसळलं तर कडा सुटतात आणि रिकोत्ता भांड्यात. वर तरंगल्यावर एक चिमटीत धरून दुमडीची जाड कड बघा, ती मऊ झाली की काढा, तीन-चार मिनिटांत होतं. तोवर शेजारच्या तव्यात माणशी १५-२० ग्रॅम लोणी आणि चार सेजची पानं. फेस बसला आणि पानं कडीपत्त्यासारखी कुरकुरली की गॅस बंद, पास्त्याचं दोन चमचे पाणी घालून तवा हलवा. ते पाणी विसरलात तर लोणी तुपासारखं वेगळं राहतं आणि पास्त्याला धरत नाही.

मुळा_ते_पो

एवढ्यासाठी सेज कुठे शोधायची?

कढीपत्ता

भाजीवाल्याकडे. 'साल्विया' म्हणा. भाजी घेतलीत तर चार पानं बरेचदा तशीच देतात, कोथिंबिरीसारखी.