एका स्पेलिंगनं घोळ: तुमचे अनुभव सांगा

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका कारखान्याचा नवा बोर्ड बघितला, यार्न डाइंग, पण वायनंतरचा ई गायब! म्हणजे सूत रंगवत नाहीत, सूत मरायलंय. शाळेतल्या बाई आठवल्या एकदम. रंगाच्या डायमध्ये वाय-ई, तो ई आयएनजी लावला तरी ठेवायचा, मरायच्या डायमध्ये आय-ई, त्याचा नुसता वाय होतो. बाईंनी हे फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं. तुमच्याकडं असलं काय असेल तर टाका.

पूर्वभागवाला
सूत मरायलंय हे खरंच आहे की ओ, आमच्या गल्लीतले निम्मे माग भंगारात गेले. असो. सिंजिंग ऐकलाय का? कापडावरची लव जाळतात ते. त्यातला जी नंतरचा ई खाल्ला की सिंगिंग. आमचे मास्टर रजिस्टरात कायम ई खायचे, रोज कापड गायचं 😂

शेंगाचटणी
सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आता बोर्डालाबी द्या

सातरस्ता
घराच्या शेडचं कोटेशन आलंय, एंजल 40 बाय 40, सहा मीटर. एल आणि ई ची अदलाबदल. मिस्त्रीला म्हणलं देवदूत नको, लोखंडी अँगलच आण. त्याला काय कळलं नाही, रेट मात्र कमी केला नाही 😑

मीनाताई_टिळकचौक
भाजी चिरत लिहितेय, चुका असतील. मी बँकेत होते, कर्जाच्या अर्जावर लोक मुद्दलाच्या जागी तत्त्व लिहायचे, प्रिन्सिपलचं शेवटचं एएल जाऊन एलई. मी सांगायची, मुद्दल आणि कॉलेजचे प्रिन्सिपल दोघं मुख्य, म्हणून दोघांना एएल. तत्त्वावर व्याज लागत नाही बाबा.

शेंगाचटणी
ताई तत्त्वावरच जास्त लागतंय 🙏

गड्डाप्रेमी
गड्ड्याच्या जत्रेत एका स्टॉलवर डेझर्टात एकच एस, म्हणजे वाळवंट मिळेल!! मे महिन्यात ते फुकट मिळतंय की आपल्याकडं. गोडाला दोन एस, पोरीला सांगितलंय, एकावर भागत नाही गोडाचं

पूर्वभागवाला
आज किती आहे ओ ऊन? पत्रा तापलाय नुसता

सातरस्ता
विचारू नकोस बे. कूलरला पाणी भरायलोय

मीनाताई_टिळकचौक
@शेंगाचटणी चटणी पुण्याला पाठवायचीय लेकाला, कांडपाची कुठं मिळेल? मिक्सरची नको म्हणतो तो

शेंगाचटणी
मेसेज करतो ताई, तेल सुटलेली बघून घ्या