स्पिटफायरच्या सीटचे पितळी पट्टे बसत नाहीत

प्रश्न: स्पिटफायर मार्क ९ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/४८ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल करतेय. फोटो-एचचे (रसायनाने कापलेल्या पातळ पितळी पत्र्याचे) सीटबेल्ट ताठच राहतात, सीटवर टेकतच नाहीत. काय करू?

उत्तर: रंगीत छापलेले की कोरं पितळ? कोरं असेल तर चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीवरून फिरवा, मऊ पडेल. रंगीत असेल तर ज्योत नको, रंग जळतो.

प्रश्नकर्ती: कोरं आहे.

दुसरं उत्तर: मग झालंच! पट्टे पत्र्याच्या चौकटीतून कापून सुटे करताना खाली टाइल ठेवा, मऊ मॅटवर पितळ वाकतं. प्लास्टिक सिमेंट धातूला धरत नाही. सुपरग्लू, तोही सुईच्या टोकावर येईल तेवढाच. आणि पंखांखालच्या रेडिएटरची जाळी सोडू नका हो! कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद केली की अर्धं कॉकपिट झाकलं जातं, जाळी मात्र समोरून थेट दिसते.