सरकारी कंपनीने पैसे न भरता ग्रॅच्युइटीविरुद्ध केलेले अपील : मदत हवी आहे

माझे काका केंद्र सरकारच्या मालकीच्या एका कंपनीतून निवृत्त झाले. कंपनीने ग्रॅच्युइटी कापून दिली, म्हणून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारा सरकारी अधिकारी) दावा केला. फरक आणि त्यावरचे व्याज द्यावे असा आदेश मिळाला. आदेश नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा, १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालचा आहे.

कंपनीने ६० दिवसांच्या आत अपील केले, पण एक रुपयाही जमा केलेला नाही. कलम ७(७) प्रमाणे मालकाने ग्रॅच्युइटीइतकी रक्कम भरल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय किंवा ती रक्कम अपील प्राधिकाऱ्याकडे भरल्याशिवाय अपील दाखलच करून घेता येत नाही. कंपनीचे वकील म्हणतात, आम्ही सरकारी, आम्हाला तारण लागत नाही. त्यांचा आधार दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २७, नियम ८-अ. पण ती सूट ‘सरकार’ला आहे, आणि कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. शिवाय ७(७) मध्ये सरकारी मालकांसाठी वेगळी सवलत मला कुठेच दिसली नाही.

आम्ही लेखी हरकत घेतली आहे, तरी पुढची तारीख पडली. अपिलासाठी मिळू शकणारे मुदतवाढीचे जास्तीचे ६० दिवसही आता संपलेत. हायकोर्टात जाण्याइतका खर्च काकांना झेपणार नाही, त्यामुळे अपील प्राधिकाऱ्याकडेच निकाल लागायला हवा.

अशा प्रकरणात सरकारी कंपनीचे अपील केवळ रक्कम न भरल्यामुळे फेटाळल्याचा एखादा निकाल कुणाला माहीत आहे का? आणि आता उशिरा पैसे भरले तर ते चालते का, भरायची रक्कम व्याजासकट धरतात की फक्त मूळ ग्रॅच्युइटी?