प्लांट आहे, पण डिझेल कोणाच्या हातात?

भाऊ, तुम्ही वर विचारलं की गाझात स्वतःचा पॉवर प्लांट आहे तर मग अंधार काहून. अहो प्लांट एकच, तोही डिझेलवर चालणारा, अन् डिझेल येणार ते इस्रायल सोडेल तेव्हाच. क्षमता 140 मेगावॉटच्या आसपास, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या एका 660 मेगावॉटच्या युनिटच्या पावसुद्धा नाही. 2006 मध्ये इस्रायलने त्याचे ट्रान्सफॉर्मर बॉम्बने उडवले, तेव्हापासून तासन्‌तास लाईट नसणं तिथे रोजचंच. बाकीची वीज इस्रायलच्या लाईनींवरून यायची, ती ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर इस्रायलने तोडली, इंधनही अडवलं अन् 11 तारखेला प्लांट थांबला.

लाईट गेली म्हणजे नुसता पंखा बंद नाही हो, विहिरींचे पंप, समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लांट, सांडपाणी, दवाखान्यात पेटीत ठेवलेली बाळं, सगळं त्यावरच. मागच्या मे महिन्यात आमच्याकडे रात्री पाच तास लाईट नव्हती, इन्व्हर्टर बसला, आईला दम लागलेला अन् मी बंद नेब्युलायझर हातात धरून बसलो होतो. आम्हाला पहाटे तरी लाईट आली. तिकडे लोक सोलर पॅनलवर मोबाईल चार्ज करायला रांग लावतात, अन् त्यातलेही कितीतरी पॅनल बॉम्बहल्ल्यात फुटले.